नॉझलवरची फुंकर

धुलाई कारखान्यात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. इस्त्रीवाल्या बाया, गाडीवाले, मालकाची आई, सगळे वाफेच्या टाकीभोवती माना उंचावून उभे. टाकीतून वाफ बाहेर नेणारी आखूड नळी, म्हणजे नॉझल, बुडाशी बारीक फिस्स करत होती आणि तिच्यासमोर फुंकरबाबा डोळे मिटून बसले होते.

"हे लोखंड नाही, रुसलेला जीव आहे," बाबा म्हणाले. "रुसलेल्याला पाना लावतात का?"

बाबांना उष्मा सोसत नसे, म्हणून ते यायच्या आधीच टाकीखालचा जाळ बंद व्हायचा. दाबाच्या काट्याची दृष्ट लागू नये, म्हणून त्यावर बाबांची शाल पडायची. मग लांबलचक मंत्र आणि शेवटी फुंकर. आजही फिस्स थांबलं. बाया गहिवरल्या.

"उद्यापासून दाब वाढवायचा," मालक म्हणाले. "बाबांनी हो म्हटलंय."

हे ऐकून गर्दीत उभी असलेली ताई टाकीकडे सरकली. अशा टाक्या तपासणं हा तिचा पेशा होता, आणि ही टाकी तिचा धाकटा भाऊ सांभाळायचा. त्याची उभी राहायची जागा नेमकी त्या नॉझलसमोर होती.

"ताई, बघितलंस ना?" धाकटा फुलून म्हणाला.

"बघितलं. आता हे पण बघ." तिने पुढे होऊन शाल ओढली. काटा शून्यावर गाढ झोपला होता. "आत वाफच उरली नाही, तर फिस्स करणार कोण? गॅस बंद केला की कुकरची शिट्टी थांबते. त्यासाठी कोणी बाबा बोलावतं का?"

"श्रद्धा नसलेल्यांना काटाच दिसतो," बाबा म्हणाले.

"मग परत जाळ लावू. तुम्ही नॉझलला टेकून बसा, तुमचा जीव रुसणार नाही."

बाबांना एकाएकी दुसरीकडचं बोलावणं आठवलं आणि ते दाराकडे वळले.

ताईने पिशवीतून जाडी मोजायचं यंत्र काढलं आणि नॉझलवर टेकवलं. आकडा आला दोन मिलिमीटर.

"किती हवी?" मालकांनी आकड्याकडे वाकून विचारलं.

"किमान पाच. दाब सोसायचा, जोडलेल्या पाइपाचं वजन पेलायचं. वर गंजात जायला दीड. म्हणजे नवी असतानाच साडेसहा. तुम्ही काय लावली होती?"

"सहाची. सहा म्हणजे जवळपास तेच की!"

"नळी ज्या पाइपातून कापतात, तो सहाचा पाइप आठवा हिस्सा पातळ निघाला तरी बनवणारा तो सहाचाच म्हणून विकतो. सवा पाच धरायची. म्हणजे गंजाला सोडलेलं जवळजवळ सगळं पहिल्याच दिवशी गेलं. पुढचं गंजाने खाल्लं. ते भोक फुंकरीने बुजत नाही, मालक. उद्या ही नळी फाटली असती, आणि समोर माझा भाऊ असता!" शेवटी तिचा आवाज फाटलाच.

धाकट्याने निमूटपणे जाळाच्या झडपेला कुलूप घातलं आणि किल्ली ताईच्या हातात दिली. मग शालीची नीट घडी केली.

"बाबा, ही राहिली," तो दाराकडे बघून म्हणाला.

मालकाची आई अजून हात जोडून उभी होती. ताई तिच्याजवळ गेली.

"काकू, लोखंड रुसत नाही, ते झिजतं. झीज मोजता येते. आधी मोजा. मग हात जोडावेसे वाटले तर खुशाल जोडा."