गार फोन

परिषदेच्या इमारतीत तिला सगळे फोनबाई म्हणत. दालनाच्या दाराबाहेर छोट्या पोलादी कप्प्यांचं एक कपाट होतं, त्यापुढे टेबल, आणि टेबलामागे ती. आत जाणाऱ्याने फोन, घड्याळ, जे काही विजेवर चालतं ते तिच्या हाती द्यायचं, नंबरचा बिल्ला घ्यायचा आणि मगच आत पाऊल टाकायचं. नियम इतका कडक, की पहिल्या दिवशी आपल्याकडच्या एका वयस्कर सल्लागारांचं कानातलं यंत्रसुद्धा काढून घेतलं. मग ते दिवसभर पाहुण्यांच्या प्रत्येक मुद्द्याला हसून मान डोलावत राहिले, आणि दोन कलमं भलतीच झटपट मंजूर झाली.

आत बोलणी चालली होती ती दोन देशांची. एकमेकांच्या संगणकांत घुसायचं नाही, निदान दवाखाने, पाणी आणि वीज यांना हात लावायचा नाही, असा करार व्हायचा होता. फोनबाईला बाकीचं राजकारण कळत नव्हतं. दवाखान्याचं मात्र चांगलंच कळत होतं. तिच्या नवऱ्याचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. गेल्या हिवाळ्यात पलीकडून कुणीतरी दवाखान्याचे संगणक बंद पाडले. कुणाच्या अंगातलं किती पाणी काढायचं, कुणाला कोणतं औषध द्यायचं, सगळं आतच अडकून पडलं. पाच दिवस नवरा सुजल्या तोंडाने खुर्चीत बसून एकेक श्वास ओढत होता. तेव्हापासून या करारासाठी ती देव पाण्यात घालून बसली होती.

सुरक्षा अधिकारी फार कमी बोलत, म्हणून पाठीमागे त्यांचं नाव कुलूपसाहेब. त्यांनी फोनबाईला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की पाहुण्यांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवा. तिने ठेवली. पाहुण्यांतला एक मफलरवाला दिवसातून पाचसहा वेळा बाहेर येऊन फोन मागायचा आणि कोपऱ्यात पाठ करून कुजबुजायचा. इथे नक्की पाणी मुरतंय, असं तिने मनाशी धरलं. चौथ्या दिवशी त्यानेच आपण होऊन फोन तिच्यापुढे धरला. पडद्यावर लालबुंद, मुठी आवळलेलं, तासाभरापूर्वी जन्मलेलं बाळ होतं. फोनबाईला स्वतःची लाज वाटली.

पण संशय घेण्याची सवय एकदा हाताला लागली की सुटत नाही. ती आता प्रत्येक फोन जरा वेळ तळहातावर ठेवून बघायची. वापरातला फोन कोमट येतो, खिशातली ऊब घेऊन. परत घेताना माणसं आधी पडद्याकडे बघतात, मग जमलं तर बाईकडे. पाहुण्यांच्या प्रमुखबाई तर फोन बघत बघत जिन्यावर दोनदा ठेचकाळल्या होत्या. एकच फोन रोज गार यायचा. त्याचा मालक तो परत घेऊन, ढुंकूनही न बघता, खिशात टाकायचा. तो मालक म्हणजे मोठे साहेब, आपल्याच बाजूचे प्रमुख.

दोन्ही प्रमुखांची झडती घ्यायची नाही, असा मानाचा रिवाज होता. सहाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मोठ्या साहेबांनी फोन तिच्या हातात दिला, आणि त्याच वेळी त्यांच्या कोटाच्या आत, छातीपाशी, काहीतरी गुरगुरलं. हातातला फोन तर मुकाट पडला होता.

म्हणजे खरा फोन रोज आतच जात होता. पाहुण्यांना सांगावं तर करार आजच मोडणार. गप्प बसावं तर आतली कुजबुज टिपल्याचं आज ना उद्या बाहेर येणार, मग करार फाटणार आणि पहिला घाव पुन्हा दवाखान्यावर बसणार. इकडे आड, तिकडे विहीर. संध्याकाळी मोठे साहेब सगळ्यांत शेवटी बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

“साहेब, उद्यापासून दुसराही माझ्याकडे ठेवा,” ती हळू आवाजात म्हणाली.

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, “बाई, त्यांच्याकडेही असणारच. मी एकट्यानेच भोळं राहायचं का?”

“त्यांच्या बाईंचा फोन रोज गरम येतो, साहेब. खरा आहे तो. सहा दिवस मी हातात घेतेय.”

“मग दुसरा कुठेतरी लपवला असेल. आपल्यापेक्षा चांगला लपवलाय, एवढंच.”

सापडला तर चोर आणि नाही सापडला तर पक्का चोर, असा साहेबांचा न्याय. तिने कपाट बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या खुर्चीवर दुसरीच बाई होती. कुलूपसाहेबांनी फोनबाईला बाजूला घेऊन सांगितलं, की आठवडाभर रजा घ्या, घरच्या माणसाकडे बघा. घरचं माणूस आजारी आहे हे तिने या इमारतीत कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी जाईपर्यंत तिने दोनदा मागे वळून बघितलं.

करार झाला त्या दिवशी ती नवऱ्याच्या खाटेशेजारी बसली होती. डायलिसिसच्या खोलीतल्या टीव्हीवर मोठे साहेब आणि पाहुण्यांच्या प्रमुखबाई हात मिळवत होते. खोलीतल्या रुग्णांनी नळ्या सांभाळत टाळ्या वाजवल्या. नवराही हसला, कितीतरी महिन्यांनी तो असा मोकळा हसला होता. सुटलो गं एकदाचे, असं म्हणाला.

मग तिने पिशवीतून नवी कोरी वही काढली आणि सिस्टरना विनवलं, की यांचं सगळं या वहीत हाताने लिहून द्या. वजन किती असायला हवं, मशीन किती तास, औषधं कोणती.

“अगं, करार झाला ना?” नवरा म्हणाला. “आता कशाला लिहून घेतेस?”

“झाला, म्हणूनच,” ती म्हणाली, आणि पाणी किती काढायचं तो आकडा जरा मोठ्या अक्षरात लिहायला तिने सिस्टरना सांगितलं.