तनुजाचं इंग्रजी आणि गेनबांची मोटार

तनुजाचं इंग्रजी व्याकरण म्हणजे खणखणीत नाणं! स्वारगेटच्या श्रीधरसरांच्या क्लासात 'पास्ट परफेक्ट कंटिन्युअस'चं नाव काढलं की पोरं घाम पुसायची, आणि ही मांजरी गावच्या ऊसवाल्याची पोर मात्र धडाधड वाक्यं टाकायची. गाडी आली तेव्हा आम्ही केव्हाचे उभे होतो, आई आली तेव्हा मी कधीची वाचत बसले होते. एक गोष्ट घडायच्या आधीपासून दुसरी चाललेली असली की लावा 'हॅड बीन'. त्यात कसलं आलंय डोंबलाचं अवघड?

आणि तरी ही बाई मुलाखतीत दर वेळी आपटायची. आता बोला! पुण्यात तेव्हा जिकडे तिकडे कॉल सेंटरं निघत होती, इंग्रजी येणारी माणसं हवी म्हणून ओरड होती, आणि हिला कुणी घेत नव्हतं.

तिचे वडील गेनबा, म्हणजे तिचे आबा, कंटाळले होते. "ह्या बारीला शेवटचं," त्यांनी बजावलं. "न्हाई जमलं तर रविवारी फुरसुंगीचं पाव्हणं येत्यात. त्यास्नी हो म्हणून मोकळं व्हायचं." लग्नाला तनुजाची ना नव्हती हो, पण आधी नोकरी, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी श्रीधरसर स्वतः साहेब होऊन समोर बसले. दोन-चार प्रश्न विचारले आणि थांबले.

"तनुजाबाई, आपलं खाली काही पडलंय का?"

"नाही सर."

"मग शोधताय काय? नाव विचारलं, नाव सांगितलंत. गाव विचारलं, गाव. ओढणी सावरून झाली. आता पोह्यांची बशी तेवढी आणायची राहिली!"

वर्ग फिदीफिदी हसला. तनुजा आधी भडकली आणि मग गारच पडली. खरंच की! मोठ्या बहिणीला, द्वारकाला बघायला आले होते, तेव्हा आईनं, मथुराबाईंनी दोघींना समोर बसवून शिकवलं होतं. नजर खाली, विचारलं तेवढंच सांगायचं, उलट प्रश्न मुळीच नाही. तेच शहाणपण घेऊन ही काचेच्या इमारतीत जाऊन बसत होती! तिला स्वतःचा असा राग आला की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी गेनबांनी तिला मोटरसायकलवरून कल्याणीनगरला कंपनीच्या दारात आणून सोडलं. आत गारठा, आणि टेबलापलीकडे बॉबकट केलेली एक मॅडम.

"घरातली एखादी गंमत सांग," मॅडम इंग्रजीत म्हणाली.

तनुजाची नजर सवयीनं फरशीवर गेली. मेले! पुन्हा पाहण्याचा कार्यक्रम! तिनं मान झटकन वर केली. घोकलेली गाडी, घोकलेला अभ्यास, सगळं कुठल्या कुठे पळालं आणि तोंडातून निघालं ते घरचंच.

"माय फादर हॅड बीन शाउटिंग ॲट द वॉटर पंप फॉर हाफ ॲन अवर, व्हेन माय मदर केम अँड स्विच्ड ऑन द मेन."

म्हणजे बघा, अर्धा तास गेनबा विहिरीवरच्या मोटारीला शिव्या घालत होते, पाने-पकडी आपटत होते, आणि मथुराबाईंनी येऊन नुसतं मेन स्विच वर केलं! मॅडम खुदकन हसली.

"मग?"

अहो, तिला आजवर कुणी 'मग?' म्हणून विचारलंच नव्हतं. पाट फुटावा तशी तनुजा सुटली. आबांनी वायरमनलाही निरोप धाडला होता, आई ताक घेऊन आली होती, मोटार सुरू झाल्यावर आबांनी राग काढला तो ताकावर, म्हणे आंबट आहे. दोन ठिकाणी चुकलं. चुकू दे की! हात उडवत, मॅडमच्या डोळ्यांत बघत ती सांगत राहिली, आणि तिला इतकी मजा येत होती की मुलाखत चाललीय हेच ती विसरली.

शेवटी मॅडम म्हणाली, "तुला काही विचारायचंय?"

आणि तनुजानं चक्क विचारलं. रात्रपाळीची गाडी घराच्या दारापर्यंत सोडणार की वेशीवरच? वर्षानं पगार वाढतो का? सुट्टी मागितली तर मिळते का? मॅडम सावरून बसली आणि एकेक उत्तर देत गेली. मग तिनं हसून हात पुढे केला आणि सोमवारपासून यायला सांगितलं.

तनुजा धावतच बाहेर आली. "आबा! झालं! घेतलं मला!"

"आँ? खरं म्हनतीस?" गेनबांना काय करावं सुचेना. "काय सांगितलंस गं असं?"

"तुमची गोष्ट. मोटारीची."

"मेन स्विचची? सायबिनीला? आरं द्येवा!" गेनबांनी कपाळावर हात मारला आणि मग स्वतःच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "आन् तिनं काय इचारलं?"

"तिनं विचारलं, मग मीही विचारलं. सगळं नीट सांगितलं तिनं."

"तू इचारलंस? सायबिनीला?"

"हो!"

गेनबा लेकीकडे बघत राहिले. कोपऱ्यावरच्या टपरीत फोनचा लाल डबा होता, तिथे जाऊन त्यांनी रुपया टाकला आणि फुरसुंगीचा नंबर फिरवला. तनुजाचा जीव टांगणीला लागला.

"रामराम पाव्हणं," गेनबा म्हणाले. "रविवारी यायचं आसंल तर या, आमची ना न्हाई. पर पोराकडनं तयारी करून घ्या. आमची पोरगी बी परश्न इचारनार हाय."