सिग्नलबाबा आणि सासूबाईंची कवळी

"दिसली! दिसली! वळवळतेय बघा मेली!"

समोरच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून ही आरोळी उठली, की समजायचं, आणखी एका शहाण्याच्या दातातली कीड पडद्यावर आली. माझं शिवणकामाचं दुकान रस्त्याच्या अलीकडे, त्यामुळे महिनाभर हा तमाशा मी फुकटात बघत होते. फुटपाथ ओलांडून रांग. कोणाचा गाल भोपळ्यासारखा सुजलेला, कोणी तोंडाला रुमाल लावलेला, आणि ज्यांचं काहीच दुखत नव्हतं ते सगळ्यांच्या पुढे. दुसऱ्याच्या तोंडात डोकावायची आपल्या लोकांना काय हौस असते, काही विचारू नका.

आत भिंतीवर हा मोठा टीव्ही, आणि टीव्हीवर सिग्नलबाबा. खरं नाव भलतंच लांबलचक होतं, पण बाबा सिग्नलमधून बरं करतात म्हणून सगळे सिग्नलबाबाच म्हणायचे. पांढरी कफनी, छातीपर्यंत दाढी, पाठीमागे बर्फाची शिखरं. बाबा म्हणे दूर कुठल्याशा बर्फात बसून ध्यान करतो आणि तिथूनच जगाचे दात बरे करतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही उगाच नाही.

खुर्चीत दुखणाईत बसला, की मोबाईलवाला त्याच्या तोंडात एक दांडी घालायचा. दांडीच्या टोकाला बारीक दिवा नि कॅमेरा. तिकडे बाबा डोळे मिटायचा.

"बालका, तुझ्या दाताचा डेटा मला पोचतोय. कंपनं अपलोड होतायत. तुझ्या दाताच्या मुळाशी काळोख आहे. काळोखात कीड आहे. आणि कीड ऑनलाइन आहे!"

कीड ऑनलाइन! यावर एकाही माणसाला हसू येऊ नये? उलट माणसं हात जोडायची. लगेच पडद्यावर करड्या रंगाचा दाताचा एक्स-रे यायचा, आणि त्याच्या मुळाशी वळवळणारी काळी रेघ. मग मोबाईलवाला डब्यातला औषधी कापसाचा बोळा काढून दुखऱ्या जागी दाबून धरायचा, आणि बाहेर काढून उलगडला की त्यात पांढरी अळी! माणूस गाल चाचपत म्हणायचा, "अहो, दुखायचं थांबलं!"

आता खोटं कशाला बोलू, दुखायचं खरंच थांबायचं. सगळी गोम तिथेच होती.

आमच्याच रस्त्यावर दातांची एक डॉक्टरीण आठवड्यातले काही दिवस यायची. बाकीचे दिवस फोनवरून बघायची. फोटो मागवायची, दिव्याखाली तोंड उघडायला लावायची, गोळ्या सांगायची, आणि हमखास शेवटी म्हणायची, "यासाठी मात्र खुर्चीत येऊन बसावं लागेल." झालं, तिथेच तिची किंमत गेली. रांगेतला एकजण मला म्हणालासुद्धा, "डॉक्टर 'या' म्हणते, बाबा 'येऊ नका' म्हणतात. मग मोठं कोण?" अशा डोक्याला कुठून टाके घालायचे सांगा. माझ्याकडे एवढी मोठी सुई नाही.

लोकांनी खड्ड्यात उडी मारावी, मला काय. पण त्या रांगेत एक दिवस आमचे भावजी दिसले.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. पूल बांधणारे इंजिनिअर. खालची जमीन दहा वेळा तपासल्याशिवाय एक खांब उभा करणार नाहीत, आणि तोच माणूस तोंडाचा आ करून सिग्नलबाबापुढे बसलेला! खालची दाढ कधीची किडली होती. डॉक्टरकडे जायची भीती, सुईची भीती, मशीनच्या आवाजाची भीती. शिकलेल्या माणसाला भीती वाटली की ती तो तशी सांगत नाही, शास्त्र म्हणून सांगतो.

"वहिनी, तुम्हाला नाही कळायचं. हे फ्रिक्वेन्सीवर चालतं."

"कसली फ्रिक्वेन्सी? अळी रेडिओ ऐकते काय?"

"मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीय."

"डोळ्यांनी पाहिलीत खरी. डोळ्यांच्या वर काही असतं, ते घरी विसरला होतात."

चिडून उठून गेले. तीनदा बाबासमोर बसले, तीन अळ्या निघाल्या, दुखणं थांबलं, आणि घरभर छाती काढून हिंडले. मग गालाची सूज जबड्याखाली उतरली. अंगात ताप भरला. एके दिवशी दुपारी भात कालवला, तर घास तोंडात जाईना, आणि पाणीसुद्धा गिळताना डोळे मिटायला लागले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन उचलला आणि डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला.

डॉक्टरीण एरवी मिठ्ठास बोलायची. आज तिचा चेहरा भराभर बदलत गेला.

"खिडकीजवळ या. तोंड उघडा. आणखी. दोन बोटं आत मावतायत?"

एकसुद्धा धड मावेना.

"जीभ वर उचला. जिभेखाली कडक लागतंय का? आणि आवाज कधीपासून असा घोगरा झालाय?" मग ती माझ्याकडे वळली. "ताई, यांना आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्या. पू खाली गळ्याकडे उतरतोय. आणखी सूज आली तर श्वास अडकेल. मी तिथे कळवून ठेवते."

भावजींनी दात आवळूनच उत्तर दिलं, कारण उघडतच नव्हते. "कीड खाली उतरतेय, म्हणून सूज खाली आलीय. बाबांनी सांगितलंय. आज शेवटची बैठक. आज निघेल."

"अहो, मी तुम्हाला पडद्यावरून बघू शकते, पण पू पडद्यातून काढता येत नाही!" डॉक्टरीण जवळजवळ ओरडली. "तो मलाही येत नाही आणि जगात कोणालाही येत नाही!"

ऐकतोय कोण? चपला घालून भावजी रस्ता ओलांडून चालायला लागले. मला अस्सा संताप आला, की धरून दोन थोबाडीत द्याव्यात. पण आधीच सुजलेल्या थोबाडात काय देणार? माणूस डोळ्यांदेखत मरणाकडे चालला होता, तेही रांगेत उभा राहून.

सासूबाई उठल्या. "मला घेऊन चल. त्याच्या आधी माझा नंबर."

"आई, तुम्हाला काय झालंय?"

"माझे दात दुखतायत," त्या म्हणाल्या, आणि साडीचा पदर खोचून निघाल्यासुद्धा. मी फोन तसाच हातात घेऊन मागे पळाले. डॉक्टरीण फोनमधून म्हणाली, "बंद करू नका, मी आहे."

दुकानात भावजी खुर्चीत बसायच्या बेतात होते. सासूबाईंनी त्यांना कोपराने बाजूला सारलं. "म्हातारीला आधी बसू दे रे. ठणकतंय नुसतं."

लोकांनी वाट दिली. मोबाईलवाल्याने दांडी पुढे केली. "कुठला दात, आजी?"

"सगळेच."

पडद्यावर बाबाने भुवया वर चढवल्या. "माते, तुझा डेटा फार जड आहे. सात पिढ्यांची कीड आहे ही. दाताच्या मुळात घर करून बसलीय. मुळं खोल गेलीत माते, पार जबड्याच्या हाडात!"

त्याच वेळी बाहेर कचऱ्याच्या गाडीने भोंगा वाजवला. तोच भोंगा, त्याच क्षणी, बाबाच्या बर्फातही वाजला. माझे कान टवकारले. पण पडद्यावर एक्स-रे आला होता, करडा दात, लांब मूळ, मुळाशी वळवळती रेघ, आणि गर्दी ओरडली, "दिसली! दिसली!"

"दिसली?" सासूबाईंनी विचारलं. "नक्की माझ्याच दातात?"

"तुझ्याच, माते. सिग्नल कधी खोटं बोलत नाही."

सासूबाईंनी तोंडात बोटं घातली आणि वरची कवळी काढून मोबाईलवाल्याच्या हातावर ठेवली. मग खालची काढली.

"घे. शोध मुळं."

मोबाईलवाल्याची दातखीळ बसली. कवळी इतकी चोख बसलेली होती, की गल्लीत कोणाला पत्ता नव्हता. पत्ता होता फक्त आम्हा घरच्यांना. मी भावजींकडे पाहिलं. ते एकदा कवळीकडे बघत होते, एकदा पडद्यावरच्या त्या लांब मुळाकडे. आईला कवळी बसवायला हेच तर घेऊन गेले होते.

पहिलं हसू मागून कोणाचं तरी फुटलं. बाबा मात्र पक्का. "बालकांनो, शांत! कृत्रिम दातालाही स्मृती असते!"

"मग मागच्या वेळी मी ते कुठे विसरले होते, विचार की त्यांना," बोळक्या तोंडाने सासूबाई म्हणाल्या, आणि दुकान खदखदलं.

एवढ्यात मी कापसाच्या बोळ्यांचा डबा उचलला. मोबाईलवाला "अहो ताई, ते भारलेलं आहे" करतोय तोवर एक बोळा उलगडला. आत अळी. दुसरा, आत अळी. अजून कोणाच्या तोंडाला न लागलेले बोळे! जुन्या पिठात पडतात त्या अळ्या, वाळलेल्या. घरी पीठ चाळताना ज्या बघून आपण नाक मुरडतो, त्याच इथे हात जोडून बघत होतो. बोळा मी स्वतःच्या ओठाला लावला. थोड्याच वेळात ओठ परका झाला.

"डॉक्टर, ओठ बधिर होतोय," मी फोनसमोर ओठ धरून म्हणाले. बोलताना फफफ व्हायला लागलं.

"अहो, उगाच कशाला चाखलंत! बधिर करायचं औषध आहे ते," डॉक्टरीण सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "आम्हीही वापरतो, पण दातावर काम करण्यासाठी. हे नुसतं लावून घरी पाठवतात. शिवाय आतली नस मेली की दात आपोआप दुखेनासा होतो. दुखणं थांबतं, पू थांबत नाही. आजींना दात नसतानाही आला, म्हणजे तो एक्स-रेही एकच चित्र आहे, बटण दाबलं की येतं. इतके दिवस येतोय, तुमच्यापैकी कोणाला वाटलं नाही का, सगळ्यांची दाढ एकसारखी कशी?"

"नेटवर्क... नेटवर्क जातंय..." बाबा चाचरला.

"मला तर छान दिसतंय," डॉक्टरीण म्हणाली.

पडदा काळा झाला आणि दुकानाच्या माळ्यावर काहीतरी धाडकन पडलं. चौघे शिडी चढून वर गेले. वर बर्फाची शिखरं छापलेला पडदा, गोल दिवा, फोन, आणि उलट्या पडलेल्या खुर्चीशेजारी जगाचे दात बरे करणारे महाराज. वर कफनी, खाली चट्ट्यापट्ट्याची हाफ पँट. कॅमेऱ्यात कंबरेखालचं दिसत नाही ना! दाढी एका कानावरून लोंबत होती.

लोक त्याला ओढत खाली आणत होते, शिव्या देत होते. ज्यांनी काल हात जोडले, त्यांचेच हात आज सगळ्यांत आधी उठले. मला त्यात रस नव्हता. भावजी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मान खाली. आवळलेल्या दातांमधून कसेबसे चार शब्द निघाले.

"वहिनी, हॉस्पिटलात न्या मला."

सासूबाईंनी कवळी पदरात बांधली, तोंडात घालायलासुद्धा थांबल्या नाहीत. हॉस्पिटलात जबड्याखाली चीर देऊन नळी घातली तेव्हा पू नुसता वाहत होता. तिथले डॉक्टर म्हणाले, आज आणलं नसतं तर उद्या आणायची गरजच पडली नसती. हे ऐकून सासूबाई पहिल्यांदा रडल्या. मीही रडले, लपवते कशाला.

भावजी वाचले. किडकी दाढ काढली. जखम भरतेय का, हे आमची डॉक्टरीण रोज फोनवर बघायची. जेव्हा म्हणाली "या", तेव्हा भावजी मुकाट्याने जाऊन खुर्चीत बसले. फोन तोच, पडदा तोच. फरक एवढाच, की तिला तिच्या पडद्याच्या पलीकडे काय करता येत नाही ते माहीत होतं, आणि ती ते तोंडावर सांगायची.

एकदा जेवताना भावजी हळूच म्हणाले, "पण वहिनी, दुखायचं थांबलं होतं हो."

उत्तर सासूबाईंनी दिलं. "दूध उतू जातंय म्हणून कोणी ओरडलं, तर गॅस बंद करशील की ओरडणाऱ्याचं तोंड दाबशील?"

भावजींनी जबड्याखालच्या व्रणावरून बोट फिरवलं.

मोबाईलवाला आता म्हणतो, मी फक्त जागा दिली होती. रांगेतले म्हणतात, आम्हाला आधीपासून संशय होता. होता ना? मग रांगेत काय करत होतात, संशय घेऊन? आणि मागच्याच आठवड्यात एक बाई गाल धरून माझ्या दुकानात आली, इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "ताई, त्या बाबांचा नवा नंबर आहे का हो? त्यांच्यामुळे गुण येत होता."

मी डोक्याला हात लावला. पण आत बसलेल्या सासूबाई उठून आल्या. कवळी काढून तळहातावर धरली आणि त्या बाईच्या नाकासमोर नेली.

"यात किडे सापडले होते त्यांना," त्या म्हणाल्या. "आता सांग, तुझ्या दातात काय सापडेल?"

बाईने गालावरचा हात काढून त्या कवळीकडे नीट पाहिलं. मग तिने डॉक्टरांचा नंबर मागितला. माझंही एवढंच मागणं आहे बाबांनो, तुमच्याकडे. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एक प्रश्न विचारा. दात तुमचे आहेत, तोंडही तुमचंच आहे, ते प्रश्नासाठी उघडा.