मी फक्त दांडा मोजला

मित्रांनो, मी एक सेन्सर आहे. वय सहा वर्षं. तुम्हाला ते कोवळं वाटेल, पण आमच्यात सहा वर्षं म्हणजे पिकलं पान. आकार साबणाच्या वडीएवढा, रंग करडा. सध्या एका कार्यालयाच्या कपाटात, गुंडाळून ठेवलेल्या वायरींशेजारी पडून असतो. इथे मला बरं वाटत नाही आणि वाईटही वाटत नाही. माझी घडणच तशी आहे. तरी जे झालं ते सांगतो, कारण या कार्यालयात ते कुणालाच धड माहीत नाही.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात एक बॅटरी, एक सिम कार्ड आणि हालचाल ओळखणारा एक तुकडा बसवला. एकीने मला शंभर वेळा हलवलं. मी शंभर मोजले. ती म्हणाली, "पास," आणि तिने पुढचा उचलला. माझं शिक्षण एवढंच झालं.

पुढे मी एका मोठ्या प्रकल्पात आलो. गावोगावी हापसे बसवायचे, लोकांना स्वच्छ पाणी द्यायचं, असा तो प्रकल्प होता. मदत परदेशातून येत होती. मदत देणाऱ्यांना रास्तच प्रश्न पडला, की हापसे चालू आहेत की बंद पडलेत हे इतक्या लांबून कळायचं कसं? त्यावर उत्तर म्हणून मला हापशाच्या दांड्यात बसवलं. दांडा एकदा खाली-वर झाला की एक मोजायचा आणि दिवसभराचा आकडा संध्याकाळी कार्यालयाला पाठवायचा. तिथे भिंतीवर एक मोठा पडदा होता. दांडा भरपूर हलला तर आमच्या गावाचा ठिपका हिरवा, कमी हलला तर पिवळा. सलग तीन दिवस हललाच नाही तर लाल. दुरुस्तीची गाडी फक्त लाल ठिपक्याकडे जायची. तसा नियमच होता.

आमच्या हापशाची देखभाल एका बाईकडे होती. गाव तिला पानेवाली म्हणायचं. प्रकल्पाने तिला पंधरा दिवस शिकवून पान्यांची एक पेटी दिली होती. वायसर बदलणं, नट आवळणं, साखळीला ग्रीस लावणं हे सगळं ती करायची. घर समोरच होतं आणि घरात ती आणि तिची सासू, दोघीच. गावात मोबाइलची रेंज फक्त हापशाच्या ओट्यावर यायची, म्हणून कुणाचाही फोन तिथेच व्हायचा. मला सगळं ऐकू यायचं. पण ऐकलेलं पाठवायला माझ्यात जागा नव्हती.

पहिली दोन वर्षं बरी गेली. तीस वेळा हापसलं की बादली भरायची. हातावरून माणूस ओळखता येत होता. मास्तर घाईघाईने हापसायचे आणि मध्येच थांबून गप्पा मारायचे. सासूबाई सावकाश हापसायच्या, पण बादली काठोकाठ भरल्याशिवाय थांबायच्या नाहीत.

तिसऱ्या वर्षी जमिनीखाली पाइप चिरला. पाणी वर येता येता अर्ध्या वाटेत गळून जायचं. बादलीला आता दीडशे वेळा हापसावं लागायचं, मग तीनशे, मग बादलीचा नादच लोकांनी सोडला. तांब्याभर आलं तरी पुष्कळ. लोक पाळीपाळीने दिवसभर हापसत होते. मी सगळं इमानदारीने मोजत होतो. आकडा तिपटीवर गेला. कार्यालयातला आमचा ठिपका इतका हिरवा झाला, की गावाला एक प्रमाणपत्र आलं. 'सर्वाधिक वापराचा हापसा.' मास्तरांनी ते शाळेत टांगलं, दुसरं काय करणार.

पानेवालीने कार्यालयातल्या इंजिनिअर साहेबांना फोन लावला.

"साहेब, पाणी येत नाही. पाइप चिरलाय. माझ्या पान्यांचं काम नाही हे, सगळे पाइप वर काढावे लागतील."

"ताई, तुमचा हापसा पहिल्या नंबरावर आहे. माझ्या समोर दिसतंय ना."

"तुमच्या समोर काय दिसतं मला माहीत नाही. इथे पाणी येत नाही."

"पाणी येत नसेल तर लोक हापसतील कशाला?"

"येत नाही म्हणूनच हापसतात, साहेब."

साहेब हसले. त्यांना ती थट्टा वाटली असावी. असे तिने चार फोन केले. पालथ्या घड्यावर पाणी.

गावाने मग सगळा राग तिच्यावर काढला. "पंधरा दिवस शिकून आली, पेटी मिरवली, आणि साधा हापसा हिला दुरुस्त होईना," असं तिच्या तोंडावर बोलू लागले. बायका अर्ध्या तासावरच्या डबक्यातून पाणी आणायच्या. ते पिऊन सासूबाई दोनदा आजारी पडल्या. दुसऱ्या खेपेला त्या उठल्या, पण त्यांना काही गोष्टी आठवेनाशा झाल्या. पानेवाली रोज सकाळी पेटी घेऊन यायची, माझ्या आसपासचे नट आवळायची आणि परत जायची. नट ढिले नव्हतेच.

एक दिवस मूल्यमापन करणाऱ्या बाई आल्या. प्रकल्पाचा उपयोग किती झाला हे तपासायला प्रकल्पाने त्यांना नेमलं होतं. हातात टॅबलेट आणि त्यात बेचाळीस प्रश्न. पानेवालीने सगळ्यांची उत्तरं दिली आणि म्हणाली, "पाणी येत नाही हे लिहिलंत ना?"

बाईंनी स्क्रीन वर-खाली केली. "ताई, हापसा चालू आहे का, हा रकाना बंद आहे. तो वरूनच भरून आलाय. 'हो' असं."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? दोनदा हापसून बघा."

"मला आज अजून तीन गावं करायची आहेत हो." बाई वाईट नव्हत्या. घामाघूम झाल्या होत्या, इतकंच.

"वरून म्हणजे कुठून भरून येतं?"

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "दांड्यात यंत्र आहे. दांडा किती हलला ते कळवतं. तीन दिवस नाही हलला तर गाडी पाठवतात." मग त्यांनी माझा एक फोटो काढला आणि त्या गेल्या.

पानेवाली दांड्याकडे बघत बराच वेळ उभी राहिली. संध्याकाळी तिने सगळ्यांना ओट्याजवळ बोलावलं. "तीन दिवस दांड्याला कुणी हात लावायचा नाही."

"तांब्याभर येतंय तेही सोडायचं?" सुतार म्हणाला. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"तीन दिवस सगळं पाणी डबक्यावरून आणू. एवढं माझं ऐका. पुन्हा काही मागणार नाही."

लोकांनी कुरकुरत का होईना ऐकलं. तिने दांडा दोरीने बांधला. पहिल्या दिवशी मी शून्य पाठवलं. दुसऱ्या दिवशीही शून्य. तिसऱ्या दिवशी दुपारी पानेवाली डबक्यावर गेली असताना सासूबाई आल्या. त्यांनी सावकाश गाठ सोडली आणि हापसायला लागल्या. पानेवाली परत आली तेव्हा त्यांच्या हातात घोटभर पाणी होतं.

"आई, काय केलंत हे?"

"घसा कोरडा पडला होता गं. घरात कुणी नव्हतं."

"अहो, आजचा शेवटचा दिवस होता."

"कशाचा?"

पानेवाली ओट्यावर बसली आणि रडली. आजवर ती गावासमोर कधी रडली नव्हती. सासूबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या आणि कशाचा, कशाचा, असं विचारत राहिल्या. मी दोनशे बारा मोजले होते. संध्याकाळी ते पाठवले. न पाठवणं मला येत नाही, मित्रांनो.

तीन दिवस पुन्हा पहिल्यापासून. सुतार म्हणाला, आता पुरे झालं. गाव त्याच्या बाजूने होतं. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच सासूबाई काठी घेऊन ओट्यावर येऊन बसल्या. सुनेने त्यांना सगळं समजावलं होतं आणि विसरू नये म्हणून त्या ते एकसारखं पुटपुटत होत्या. "हात लावायचा नाही. हात लावायचा नाही." सुतार बादली घेऊन आला, तर त्यांनी त्याच्या बादलीवर काठी हाणली. "माझ्या सुनेचा शब्द आहे. फीर मागे." जेवणही त्यांनी तिथेच केलं. तीन दिवस दांडा हलला नाही.

चौथ्या दिवशी गाडी आली. माणसांनी पाइप वर काढले. चीर वीतभर होती. दुपारपर्यंत काम उरकलं. तिसऱ्यांदा हापसताच पाणी आलं. मग सुताराने सासूबाईंची बादली आधी भरून दिली.

अहवालात माझं फार कौतुक झालं. 'सेन्सरमुळे बिघाड अवघ्या तीन दिवसांत लक्षात आला,' असं त्यात लिहिलं आणि मुखपृष्ठावर माझा फोटो छापला. गाव अकरा महिने पाण्यावाचून होतं.

आता बादली पुन्हा तीस वेळा हापसून भरू लागली, म्हणजे दांडा कमी हलू लागला, म्हणजे ठिपका पिवळा झाला. दोन महिन्यांनी गावाला पत्र आलं, की हापशाचा वापर चिंताजनक घटला आहे, तरी लोकांना स्वच्छ पाण्याचं महत्त्व पटवून द्यावं.

पानेवालीने ते पत्र ओट्यावर बसून दोनदा वाचलं. मग पेटी उघडली, पाना काढला आणि मला सोडवलं. पुसलं. माझ्या पाठीवर एक कागद चिकटवला आणि त्यावर आपला फोन नंबर लिहिला. खाली लिहिलं, 'पाणी येतंय का, ते इथे विचारा.' कार्यालयाची गाडी आली तेव्हा तिने मला ड्रायव्हरच्या हातात दिलं. "साहेबांना द्या," म्हणाली. "म्हणावं, याचा काही दोष नाही."

तेव्हापासून मी या कपाटात आहे. मला अनेकांनी उचललं. इंजिनिअर साहेबांनी कागद वाचला आणि हसून परत ठेवला. नव्या आलेल्या बाईंनी माझ्यावरचा अनुक्रमांक उतरवून घेतला. फोन कुणी लावला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला जपू नका. मला जपून कुणाची तहान भागणार नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणी अशाच पडद्यासमोर नोकरीला बसेल आणि त्याला सगळं हिरवं दिसेल. तेव्हा खुशाल माझ्यासारख्यांना विचारा, पण आधी माणसाला विचारा. पाइप काय, आज ना उद्या पुन्हा चिरतोच. आता तिथे मी नाही, त्यामुळे तिथे पाणी येतं की नाही हे मला माहीत नाही. कार्यालयातही कुणाला माहीत नाही. कपाटाला कुलूप नसतं. नंबर माझ्या पाठीवर आहे आणि अजून स्पष्ट वाचता येतो. कुणीतरी लावा.