सातपर्यंत जागणारी भुंगी

मी एक जुना लाकडी पाळणा आहे. सध्या माझा मुक्काम माळ्यावर असतो. माझ्या पोटात आता दोन जुन्या बॅगा आणि एक बंद पडलेला पंखा निजतात. बिचारे रडत नाहीत, एवढंच त्यांचं कौतुक.

मित्रांनो, सुताराने मला एका मोडक्या दाराच्या लाकडातून घडवलं. त्या दाराच्या कुलपाचं भोक माझ्या एका अंगाला तसंच राहिलं. सुतार म्हणाला, "राहू दे, बाळाला तेवढीच खिडकी." माझ्यात सात बाळं निजली. सगळ्यांनी मला ओलं केलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सांगायचं आहे ते भुंगीबद्दल. झोप आली की ती भुंग्यासारखी गुणगुणायची, म्हणून ते नाव पडलं.

भुंगीचे बाबा पावाच्या कारखान्याची गाडी चालवायचे. पहाटे ती झोपेत असताना निघायचे आणि संध्याकाळी सातला परतायचे. बापलेकीची रोज भेट व्हावी म्हणून आईने एक नेमच धरला. पाचला भुंगी गुणगुणू लागली की आई तिला माझ्यातून उचलायची, डोळ्यांना पाणी लावायची, खुळखुळा वाजवायची. "बाबा येईपर्यंत झोपायचं नाही हं, राणी."

तिथेच सगळं चुकलं. झोपेची वेळ टळली की बाळ दमतं, आणि फार दमलं की त्याला झोपच लागत नाही. साडेसहाला भुंगी कान ओढायची, डोळे चोळायची, पाठ ताठ करायची. सातला बाबा हात धुऊन तिला घ्यायचे आणि ती असा टाहो फोडायची की शेजारी दार उघडून बघायचे. आईने घेतलं तरी ती रडतच असायची, पण ते बाबांच्या लक्षात यायचं नाही. त्यांना एवढंच दिसायचं, की आपण हात लावला आणि लेक रडली.

"मला ओळखतच नाही ही," ते हसून म्हणायचे.

पुढे पुढे ते हसेनासे झाले. वेळेवर यायचे, पण जिन्यातच बसून राहायचे. आतलं रडणं थांबलं की चपला हातात घेऊन आत शिरायचे, माझ्याशेजारी जमिनीवर बसायचे आणि त्या भोकातून लेकीला बघायचे. वरून वाकून बघितलं तर ती उठेल, अशी त्यांना भीती वाटायची. एकदा झोपेत तिचं बोट भोकातून बाहेर आलं. बाबांनी त्याला हलकेच आपलं बोट टेकवलं आणि बराच वेळ तसेच बसले. मला सगळं कळत होतं, पण लाकडाला कुठली आलीय जीभ?

मग त्यांनी लांबच्या फेऱ्या मागून घेतल्या.

"अहो, मग घरी कधी येणार?" आईने विचारलं.

"आठवड्याने. तसंही तिला मी नकोच आहे गं."

"असं काय बोलता?"

"खरं तेच बोलतोय. तीही शांत झोपेल."

तिसऱ्या फेरीत एका वळणावर गाडी उलटली. बाबा परत आले नाहीत.

आता भुंगीला जागवायचं तरी कोणासाठी? एके दिवशी पाचला ती गुणगुणली, तेव्हा आईने तिला तशीच माझ्यात ठेवली, पडदा ओढला, दोरी हलवली. भुंगी पाच मिनिटांत झोपली. सातला उठली ती अगदी ताजीतवानी. तेवढ्यात जिन्यात कोणा शेजाऱ्याची पावलं वाजली. आईने तिला खाली ठेवताच भुंगी भराभर रांगत दाराशी गेली आणि दोन्ही हात वर करून हसत बसली. पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली. तिने हात खाली घेतले नाहीत.

आई माझी कड धरून खाली बसली. त्या भोकाला तोंड लावून म्हणाली, "ती तुमच्यामुळे रडत नव्हती हो. तिला झोप आली होती. मीच तिला जागवलं." मी तेव्हा रिकामा होतो, तरी इतका जड मी कधीच नव्हतो.

मित्रांनो, घरातलं बाळ डोळे चोळू लागलं की त्याला कोणाच्याही भेटीसाठी जागं ठेवू नका. खुळखुळा बाजूला ठेवा, उजेड कमी करा, पाठीवर हात ठेवा. आणि जिन्यात कोणी चपला हातात धरून बसलेलं दिसलं, तर त्याला आत बोलवा. सांगा, की बाळ झोपेसाठी रडतंय, तुमच्यामुळे नाही. मला ते सांगता आलं नाही. तुम्हाला बोलता येतं.