डाव्या हाताला मनोरा

विमा कंपनीत दावे तपासायचं काम मी सव्वीस वर्षं करतेय. कुणाचं दुकान जळालं, कुणाची गाडी ठोकली गेली, की मी वही घेऊन दारात हजर. एकच प्रश्न मी तीनदा विचारते, दर वेळी वेगळा चेहरा करून. खरं बोलणारा माणूस तीन वेळा तीन तऱ्हांनी सांगतो, अडखळतो, मध्येच त्याला काहीतरी नवीन आठवतं. तिन्ही वेळा शब्दाला शब्द तेच आलं, की समजायचं, स्वारी पाठ करून आलीय. नवरा मला घरात 'फौजदार' म्हणतो, आणि मला ते आवडतं, हे कबूल करते.

युरोपातलं ते जुनं शहर आम्ही दोघंही पहिल्यांदाच बघणार होतो. तीनच दिवस मिळत होते. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि मी पेन्सिल घेऊन बसले.

"पहिल्या दिवशी सकाळी पुलावर जाऊ," नवरा म्हणाला. "पूल ओलांडला की डाव्या हाताला घड्याळाचा मनोरा. त्याच्या वरून तिसऱ्या खिडकीला झडप नाहीये."

माझ्या मनात पाल चुकचुकली. न पाहिलेल्या गावातल्या खिडकीची झडप कुणाला ठाऊक असते?

"तुला कुणी सांगितलं?"

"कुठेतरी बघितलं असेल," तो म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला. चष्मा स्वच्छ होता.

आमचं लग्न उशिरा झालं. त्याआधी तो नाटकांचे पडदे रंगवायचा. आता तसबिरींच्या फ्रेमा करतो. त्या दिवसांबद्दल तो ताकास तूर लागू देत नाही. एक बाई होती, एवढं मला माहीत होतं. ती पुढे परदेशी गेली, हेही. कुठल्या शहरात, ते मी कधी विचारलं नव्हतं, आणि आता तेच डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी भांडी पुसताना पुन्हा विषय काढला, तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना. "पूल ओलांडला की डाव्या हाताला मनोरा, त्याला लागून पायऱ्या, पायऱ्यांना लोखंडी कठडा, कठड्याची एक सळी वाकलेली." दोन्ही वेळा अक्षर इकडचं तिकडे नाही.

नणंदेला फोन लावला. "लग्नाआधी तुझा दादा कधी परदेशी गेला होता का गं?"

"दादा? अहो वहिनी, त्याच्याकडे पासपोर्ट तरी होता का!" ती हसत म्हणाली.

इतकं पटकन उत्तर? नक्की पढवून ठेवलेली. तिलाही मी संशयितांच्या यादीत घातलं.

तिकिटं पक्की करायची मुदत शुक्रवारी संपत होती. दुसऱ्या कुणाचा हात धरून तो ज्या वाटांवर फिरला, तिथे मला फिरवणार आणि मी 'वा, किती सुंदर' म्हणायचं? मला ते जमणार नव्हतं. छडा लागला नाही तर जायचं नाही, असं मी ठरवलं. मग त्याच्याबरोबर या घरात कसं राहायचं, त्याचा विचार मी मुद्दामच पुढे ढकलला.

गुरुवारी दुपारी तो दुकानात असताना त्याचं सगळं बोलणं नकाशावर ताडून पाहिलं. मनोरा निघाला उजव्या हाताला. पायऱ्याही उजवीकडे. तो उजवीकडे सांगत होता ते चर्च डावीकडे. नदीचं वळणसुद्धा उलटं. सगळं जागच्या जागी, फक्त बाजू बदललेली. खोटं बोलणारा एखाद्या ठिकाणी घसरतो. इतक्या शिस्तीत चुकणारा माणूस मी पाहिला नव्हता. आणि त्या पुलावरून जो एकदा जरी चालला असेल, तो असा चुकणारच नाही.

संध्याकाळी तो आल्या आल्या नकाशा पुढे ठेवला. "मनोरा उजवीकडे आहे."

"शक्यच नाही. दोन महिने रंगवलाय मी तो!"

मग सगळं बाहेर आलं. एका नाटकासाठी केलेला चाळीस फुटी पडदा. शहराच्या फोटोची एकच स्लाइड मिळाली होती. ती यंत्रात घालून कापडावर पाडायची आणि कोळशाने रेघा उतरवून घ्यायच्या, अशी त्यांची पद्धत. घड्याळाचे आकडे पुसट होते, ते याने मनानेच काढले. नाटक तीन प्रयोगांत आटोपलं आणि पडदा कापून गोदामातलं सामान झाकायला गेला.

"माझं सगळ्यात चांगलं काम होतं ते," तो म्हणाला. "त्याचं पोतेरं झालं, हे सांगायचीच लाज वाटायची. म्हटलं, एकदा खरं शहर बघू, मग तिथेच तुला सांगेन."

बोलता बोलता त्याचं बोट नकाशावर थांबलं. मनोरा, पायऱ्या, नदी, असं ते हळूहळू फिरलं.

"अगं, स्लाइड उलटी बसवली मी. अख्खं शहर उलटं रंगवलं, आणि कुणाच्या बापाला पत्ता लागला नाही!"

तो हसत सुटला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसले. आठवडाभरात इतकं हलकं वाटलं नव्हतं, आणि त्या भरात मी बोलून गेले, "आणि मला वाटलं, तू तिच्याबरोबर जाऊन आलायस."

त्याचं हसू थांबलं.

"म्हणून परत परत विचारत होतीस?"

मी मान हलवली.

"मला वाटलं, तुला ऐकायला आवडतंय," तो म्हणाला.

शुक्रवारी तिकिटं मीच पक्की केली. रात्रीच्या जेवणाआधी नकाशा पुन्हा उघडला आणि विचारलं, पूल झाला की पुढे कुठे जायचं? या वेळी खरंच ऐकायचं होतं.

"नकाशात बघ," तो म्हणाला.