तापिओची काठी आणि बोरिंगची गाडी

मी एक जुनी हॉकीची काठी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही मला नुसतं 'बिचारी' म्हणालात तरी माझ्या मनात येईल, हा असं का म्हणाला असेल? माझा जन्मच संशयाच्या धंद्यात गेला.

तुमच्या मैदानावरच्या हॉकीची मी नव्हे. माझं माहेर फिनलंड. तिथं हिवाळ्यात तळी गोठून दगड होतात. बर्च नावाच्या पांढऱ्या सालीच्या झाडातून मला घडवलं, खाली चपटं पातं जोडलं आणि त्यावर काळी कापडी पट्टी गुंडाळली. आमचा खेळ बर्फावर घसरत खेळायचा आणि त्यात चेंडूऐवजी रबराची चकती असते. माझा मालक तापिओ पगारी खेळाडू होता, पण बचावातला. गोल करणारे पुढे धावायचे आणि हा आपल्या जाळीसमोर उभा राहायचा. फोटो पुढच्यांचे छापून यायचे, तापिओच्या वाट्याला काळेनिळे डाग आणि पडलेले दात. झालेले गोल सगळे मोजतात, न झालेले कोण मोजतो? याचं मला अजून वाईट वाटतं.

त्याची विद्या सोपी होती. समोरून येणारा गडी डावीकडे बघतो आणि पळतो उजवीकडे. त्याचे डोळे खोटे, खांदे खोटे, हसू तर हमखास खोटं. फक्त पोट खोटं बोलत नाही. जिकडे पोट, तिकडे माणूस. तापिओ त्याच्या बेंबीवर नजर ठेवायचा आणि मला वाटेत आडवी धरायचा. असे कित्येक हिवाळे गेले. मग त्याचा गुडघा गेला, आणि गुडघ्याबरोबर टाळ्याही गेल्या. पोटासाठी त्याने जमिनीला भोकं पाडणाऱ्या यंत्रावर नोकरी धरली. चौऱ्यांशीच्या उन्हाळ्यात ते यंत्र आम्हा दोघांना घेऊन नागपूरच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या सौंसरला आलं.

गावोगाव सरकारी हँडपंप बसवायचे होते. पाणी शोधणारे साहेब आधी येऊन चुन्याची खूण करून जायचे. लंगडा तापिओ त्या खुणेपाशी मला रोवायचा, माझ्यावर टेकून उभा राहायचा, आणि बोरिंगची गाडी तिथं कामाला लागायची. मोहगावकडच्या एका गावात पाणी लागलं, मग बोरगावकडेही लागलं. आता इकडे पाणाड्या उंबराची बेचकी हातात धरून पाणी सांगतो, हे सगळ्यांना ठाऊक. मग गोऱ्या माणसाची ही वाकडी काठी साधी कशी असेल? झालं! चुन्याचं नाव कोणी घेईना. बाया येऊन मला कुंकू लावू लागल्या. एवढा मान मिळाला तेव्हाच मला शंका आली होती.

बोरगावच्या पुढच्या एका खेड्यात आम्हाला प्रमिला भेटली. बौद्ध मोहल्ल्यातली ही बाई संत्र्याच्या बागांत मजुरी करायची आणि त्या दिवसांत यंत्रासाठी डोक्यावरून पाणी आणायची. मोहल्ल्याला स्वतःची विहीर नव्हती. यशवंतराव पाटलांच्या बागेतल्या विहिरीवर जायचं, बादली खाली ठेवायची आणि त्यांचा गडी वरून ओतेल तेव्हा ओतेल. त्या विहिरीत बादली सोडायची या बायांना मुभा नव्हती. प्रमिला हे मुकाट्याने करायची, पण तिच्या कपाळावरची आठी मला रोज दिसायची.

संध्याकाळी काम थांबलं की गडी खळ्यावर डब्याच्या झाकणाने खेळायचे. तापिओने एकदा मला प्रमिलाच्या हातात दिलं. तिचा नवरा तुळशीराम झाकण घेऊन आला, डावीकडे बघून उजवीकडून निसटला. तापिओने स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि मोडक्या हिंदीत तिला म्हणाला, "यहाँ देखो. आँख झूठा."

पुढच्या खेपेला झाकण माझ्या पात्यावर अडलं. त्याच्या पुढच्यालाही अडलं.

"घरी बी अशीच अडवते जी ही मले," तुळशीराम म्हणाला, आणि सारं खळं हसलं. मी मात्र या बाईची पकड बघून खूश झाले.

चुन्याची एक खूण मोहल्ल्यातही पडली होती. पण पावसाळा तोंडावर आला आणि गाडीला परतायची घाई झाली. तापिओही आपल्या देशी निघाला. जाताना त्याने मला प्रमिलाच्या स्वाधीन केलं. 'पुढच्या उन्हाळ्यात नक्की' असं सगळे म्हणाले. प्रमिलाने विश्वास ठेवला नाही आणि चुन्याच्या खुणेवर दगड रचून ठेवले. तेव्हाच माझं तिच्याशी जमलं.

मग वाईट दिवस आले. बर्फावर नाचलेली मी शेळ्या वळू लागले, संत्र्याच्या फांद्या ओढू लागले. पट्टी सुटली. कोपऱ्यात पडल्या पडल्या पात्याला वाळवी लागली आणि कोणाला कळलंसुद्धा नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, गाडी यायच्या आदल्या दिवशी, यशवंतराव प्रमिलाच्या दारात आले. त्या मोहल्ल्यात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"प्रमिलाबाई," ते म्हणाले. नावापुढे 'बाई' पहिल्यांदाच लागलं. "तुमच्याच मोहल्ल्यात बोरिंग करून राहिलो आपण. तू बेफिकीर कामावर जा. तेवढी ती काठी दे, पूजा करून आणून देतो."

"काठी काहून पाहिजे जी, पाटील? खूण तं केलेली हाय."

"असू दे. शुभ असते."

"सांगते मंग," प्रमिला म्हणाली. ते गेल्यावर तिने तुळशीरामला समोर बसवलं. "काठीत काही नाही, हे आपल्याले ठाव हाय. त्याईले नाही. पूजेच्या नावानं ते काठी बागेत रोवाले नेऊन राहिले, म्हंजे बोरिंग बी बागेतच नेऊन राहिले."

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. मोहल्ल्याची वाट आणि बागेची वाट जिथं फुटते, तिथं मला घेऊन उभी राहिली. गाडी आली. मागे यशवंतराव, त्यांची म्हातारी आई देवकाबाई आणि अर्धं गाव.

"चला, मोहल्ल्यातच चला," यशवंतराव हसून म्हणाले. ड्रायव्हरनेही मोहल्ल्याकडे मान हलवली. प्रमिलाने कोणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. ती पुढची चाकं बघत होती. चाकं बागेकडे वळली, तशी ती वाटेत शिरली आणि मला आडवी धरली. गाडी थांबली.

"बाई, हटो," ड्रायव्हर म्हणाला.

"बोलणं मोहल्ल्याचं, चाकं बागेकडं," प्रमिला म्हणाली. "मी चाकं पाहून राहिली."

"अवो, गाडी वळवाले जागा पाहिजे ना," यशवंतराव म्हणाले. आता ते हसत नव्हते.

तिने वाद घातला नाही. वळून मोहल्ल्यात गेली, सारी गर्दी तिच्यामागे. तिने खुणेवरचे दगड बाजूला केले आणि मला तिथं रोवलं. "काठी पाणी दाखवते म्हणता ना तुम्ही? घ्या, दाखवून राहिली. काठीत काही नसन, तं काल पूजेले काहून मागत होते, ते सांगा सगळ्याईले."

तेवढ्यात देवकाबाई पुढे झाली. "यशवंता, काठी रोवली तिथंच मारा. तिले वलांडू नको." गर्दीनेही माना डोलावल्या. गाडीचं तोंड फिरलं.

यंत्र सुरू झालं आणि नुसती धूळ निघू लागली. दगडाचा भुगा, पुन्हा धूळ. सगळे माझ्याकडे संशयाने बघू लागले. मीही मनात म्हणत होते, साहेबांचा चुना खरा होता ना? प्रमिलाची नजर त्या भोकावरून हलत नव्हती. हे भोक कोरडं गेलं असतं, तर तिचं म्हणणं पुन्हा कोणी ऐकून घेतलं नसतं. मग भुगा ओला झाला, चिखल आला आणि पाणी उसळलं. बाया त्यात लुगड्यांसकट उभ्या राहिल्या. प्रमिला तिथंच खाली बसली आणि रडली.

आता मोहल्ल्यात पंप आहे आणि कोणी वरून ओतायची वाट बघावी लागत नाही. पाणी गोड, म्हणून देवकाबाईही घागर आणते. प्रमिला तिला दांडा हापसून देते. म्हातारी जाताना मला कुंकू लावते. "काठीत काही नाही, माय, चुना होता," प्रमिला सांगते आणि पंपाच्या पाण्याने मला धुऊन टाकते. म्हातारीला पटत नाही.

तापिओचं नाव इथं कोणाला नीट घेता येत नाही, आणि त्याच्या देशात तरी कोणी घेत असेल का, मला शंका आहे. पण त्याचा एक बचाव इथं टिकला आहे. मित्रांनो, माझं पातं अर्धं वाळवीने खाल्लंय. मला कुंकू नको. थोडं जवसाचं तेल चोळा आणि कोरड्या जागी ठेवा. आणि कोणी फार गोड बोलत तुमच्या दारात आला, तर त्याच्या तोंडाकडे बघू नका. चाकं कुठं वळली आहेत ते बघा.